संगमेश्वरानंतरचे राज्य

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरचे संगमेश्वर आपल्या स्मरणात असते ते एका घातामुळे. फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखानाने संभाजीराजांना येथे कैद केले. या प्रसंगावर नाटके-कादंबऱ्या उदंड झाल्या. त्याने राज्याची घडण कशी पालटली, हा प्रश्न मात्र रुक्ष म्हणून मागे राहिला.

शिवाजीमहाराजांचा कल रोख वेतनाकडे होता. मुलूख तोडून दिला की देणाऱ्याचीच सत्ता घटते, हे त्यांनी ओळखले होते. पण राजाराममहाराज जिंजीला गेले, खजिना आटला, आणि औरंगजेब मनसबी देऊन मराठे सरदार ओढू लागला. मग इकडूनही वतने, इनामे, सरंजाम देणे भाग पडले. त्या काळात महाराष्ट्राचा कारभार वाहिलेले रामचंद्रपंत अमात्य हेच पुढे 'आज्ञापत्रा'चे कर्ते. वतनदार म्हणजे राज्यातले स्वतंत्र सत्ताधीश. त्यांना मोकळे सोडू नये, त्यांचे वतन बुडवूही नये, असा त्यांचा सल्ला. ज्या कारभारातून सनदा सुटल्या त्याच कारभाऱ्याचे हे शब्द, हे ध्यानात घेतले की त्या रेखीव गद्यातला ताण जाणवू लागतो.

१७१९ च्या सनदांनंतर चौथाईची वाटणी झाली. सरदेशमुखी राजाची, चौथाईतला चौथा हिस्सा, म्हणजे बाबती, तीही राजाची. साहोत्रा व नाडगौडा वजा जाता सुमारे दोनतृतीयांश मोकासा सरदारांचा. मध्यवर्ती सत्ता किती आणि घटकांची किती, हा वाद आपल्याकडे असा जमाखर्चात मिटवला गेला.

अमेरिकेत तो वर्तमानपत्रांत लढला गेला. १७८१ च्या करारान्वये तिथल्या काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. राज्यांकडे केवळ मागणी करायची. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी घटना झाली, आणि हॅमिल्टन, मॅडिसन व त्यांचे विरोधक यांनी लेखामागून लेख लिहिले. आपल्याकडे १७८२ च्या सालबाईच्या तहात पेशवे व इंग्रज यांच्यामधला जामीन होता महादजी शिंदे, म्हणजे पेशव्यांचाच सरदार! या रचनेला इतिहासकार 'मराठा संघराज्य' म्हणतात. मला तो शब्द उदार वाटतो. संघ म्हटला की घटकांचा आपसांत काही करार हवा. इथे प्रत्येकाची सनद वेगळी होती.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, तो सरदारांना न विचारता. १८०३ मध्ये शिंदे-भोसले लढले, गायकवाड अलिप्त राहिले. होळकर मैदानात उतरले तेव्हा आधीचे दोघे तह करून मोकळे झाले होते.