अवजड देहावरचा आळ

लाव्हा थिजून झालेल्या दख्खनच्या काळ्या दगडाची दक्षिणेकडची शीव आमच्या खानापूर-बेळगावच्या मुलखातून जाते. त्या दगडावरून गोष्ट निघाली की एक मत हमखास ऐकू येते: लांब मानेचे ते महाकाय डायनोसॉर स्वतःच्या अंगानेच मेले. लाव्हा आला, पळता आले नाही. पूर आला, चिखलात रुतले. दुष्काळ पडला, तेव्हा एवढ्या पोटाला चारा कुठला?

मत अडाणीपणाचे नाही, आणि त्याला साक्षही आहे. 1960 च्या सुमारास सिरोंच्याच्या पट्ट्यात बारापासॉरस या लांब मानेच्या डायनोसॉरची सुमारे 300 हाडे निघाली. किमान सहा जनावरांची, आणि सोबत दगड झालेले मोठमोठे ओंडके. कळप पुरात सापडला, हा अर्थ मलाही पटतो.

पण सहा जनावरे वाहून गेली, म्हणून सगळा वंश पुराला लेचापेचा ठरतो का? हाडे टिकतात ती गाळात. चढावर म्हातारपणाने मेलेल्याची माती होते. म्हणजे साक्षीला बुडालेलेच येतात. वाचलेले येत नाहीत. एकतर्फी साक्षीवर निकाल द्यायचा?

दुष्काळाचा मुद्दा तर उलटा आहे. देह वाढतो तशी किलोमागे लागणारी भूक कमी होते, अंगात साठा राहतो, आणि लांब पल्ला चालता येतो. 2002 च्या सुमारास कर्नाटकाच्या रानातले हत्ती सीमा ओलांडून दोडामार्गात उतरले. घाट त्यांना आडवा आला नाही. बेडूक गेला असता का? शिवाय हे डायनोसॉर खाण्यात चोखंदळ नव्हते. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात दगड झालेले शेण सापडते, बहुधा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनोसॉरचेच. 2005 साली त्यात ताड, सूचिपर्णी झाडे आणि चक्क गवत यांचे अंश ओळखले गेले. मिळेल ते खाणाऱ्याला उपाशी मरायला वेळ लागतो.

राहिला लाव्हा. दख्खनचा लाव्हा म्हणजे एका रात्रीचा वणवा नव्हे. तो लाखो वर्षे टप्प्याटप्प्याने आला. मधल्या काळात माती तयार झाली, तळी साचली. कच्छातल्या अंजारला दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात डायनोसॉरची हाडे आणि अंड्यांची कवचे मिळाली आहेत. खालचा थर निवल्यावर ते परत आले होते. याला हतबलता म्हणायचे?

एक गोष्ट मान्य करतो. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी युकातानला अशनी आदळला, जगभर उजेड मंदावला, हिरवे पिकेना. तेव्हा हाच देह अंगाशी आला. चालून जाण्याचा गुण कामाचा केव्हा? पलीकडे चारा असेल तेव्हा. पलीकडेही काही उरले नाही. पण त्या एका संकटाचा दोष आधीच्या कोट्यवधी वर्षांच्या पूर-दुष्काळांच्या माथी का मारायचा?

पुराची आणखी एक साक्ष आहे. गुजरातेत धोली डुंगरीला टायटॅनोसॉरचे घरटे सापडले. फुटलेल्या अंड्याभोवती साडेतीन मीटरचा साप वेटोळे घालून बसलेला, शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू. ते शोधणारे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना आधी सापाची हाडेही पिल्लाचीच वाटली होती. 2010 साली तो साप 'सनाजेह' नावाने जगापुढे आला. ओल्या चिखलाचा लोंढा आला आणि साप, पिल्लू, अंडी जागच्या जागी गाडली गेली. त्या लोंढ्याखाली महाकाय देह एकही नाही.