चार इंचांची गोष्ट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण घरगुतीच आहे. आमच्या चिरंजीवांनी स्वतःच्या कमाईतून एक जुना पिकअप ट्रक घेतलाय, २०१२ सालचा टोयोटा टॅकोमा. (गावाकडच्या वाचकांसाठी: ट्रक म्हणजे विटा वाहणारा ट्रक नव्हे. पुढे चारपाच जणांची बसायची सोय आणि मागे उघडा हौदा.) ट्रक दारात लागून आठवडा झाला नाही तोच जेवणाच्या टेबलावर घोषणा झाली, "बाबा, मी त्याला लिफ्ट करणार आहे. चार इंच."

लिफ्ट करणं म्हणजे गाडी चाकांपासून वर उचलणं. मला पहिल्यांदा आठवली ती नानामामांची जीप. संगमनेरच्या मिस्त्रीने तिच्या मागच्या कमानींत एकेक जादा पाटा घातला होता. कांद्याच्या गोण्या भरल्या की जीप सरळ उभी राहायची, आणि रिकामी असली की मागून वर, शेपूट उचललेल्या खारीसारखी. तिच्या उंचीबद्दल कधी कोणी एक अक्षर विचारलं नाही. आम्ही राहतो अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात. इथे विचारतात. मग काय विचारतात आणि कधीपासून विचारायला लागले, हे शोधत बसलो. चिरंजीवांना 'नाही' म्हणायला मुद्दे हवे होते, हे खरं कारण. :-)

सुरुवात जीपपासूनच होते. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी साध्या माणसांच्या हाती आल्या. (त्याच विलीजच्या जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे त्याच वंशातली एक आमच्या मामांकडे आली.) अमेरिकेत शिकारी, शेतकरी, डोंगरात भटकणारे लोक त्या घेऊन रानावनात शिरले. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर जीपवाल्यांची पहिली जत्रा भरली, ती 'जीपर्स जांबोरी' अजून भरते.

खडकांतून जायचं तर मोठी चाकं हवीत. कारण आसाचा मधला गोळा, ज्यात दातेरी चक्रं असतात, तोच दगडाला आधी अडतो, आणि तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. नुसत्या स्प्रिंगा उंच करून तो इंचभरही हलत नाही. पण मोठा टायर मडगार्डला घासतो, म्हणून त्याला जागा करायला गाडी उचलायची. लिफ्टचा जन्म असा गरजेतून झाला. उंची हा उद्देश नव्हताच, तो टायरचा पदर धरून आलेला पाहुणा.

पाहुणा पुढे घरमालक झाला. १९७० च्या दशकात सेंट लुईसच्या बॉब चँडलर नावाच्या दुकानदाराने आपला १९७४ चा फोर्ड एफ-२५० इतका वाढवला की लोक नुसता बघायलाच येऊ लागले. त्याचं नाव 'बिगफूट'. १९८१ मध्ये त्याने शेतात दोन भंगार मोटारी त्याखाली चिरडून दाखवल्या, आणि मॉन्स्टर ट्रकचा तमाशा सुरू झाला. ट्रक आता अडचण ओलांडण्यासाठी उंच राहिला नव्हता, दिसण्यासाठी उंच होता.

आणि दिसायचं असेल तर रस्त्यावर यायला हवं. तिथे गोची झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारने मोटारींच्या बंपरचे नियम केले. बंपरने धक्का सोसायचा तो जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात. म्हणजे दोन मोटारी भिडल्या तर बंपरला बंपर लागावा. पण हा नियम फक्त मोटारींना, पिकअप ट्रकना नाही. त्यांना सूट! त्यामुळे उचललेल्या ट्रकचा बंपर मोटारीच्या बंपरवरून सरळ दारात किंवा बॉनेटवर जातो. २००३ मध्ये कंपन्यांनी आपणहून करार केला की नव्या ट्रकचा धक्का सोसणारा भाग त्या पट्ट्यात निदान अर्धा तरी येईल, आणि २००९ पर्यंत तसं करायचं ठरलं. पण कारखान्यात जुळवलेली ती उंची पुढे मालक एका शनिवारी घराच्या अंगणात बदलू शकतो.

केंद्राच्या कायद्यात एक गंमत आहे. गाडीतली सुरक्षेची यंत्रणा जाणूनबुजून निकामी करायला बंदी आहे ती कारखानदार, विक्रेते आणि गॅरेजवाल्यांना. मालकाला नाही. मालकाला आवरायचं काम राज्यांवर, आणि प्रत्येक राज्याची पट्टी वेगळी. कॅलिफोर्निया चासीची उंची मोजतो: वजनाच्या वर्गाप्रमाणे ट्रकला २७, ३० किंवा ३१ इंच. शिवाय चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून बॉडीच उचलली, तर तिची फरशी चासीच्या वर पाच इंचांपेक्षा जास्त नको. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात वेगळा हिशोब: कंपनीने दिलेल्या उंचीपेक्षा सहा इंचांहून जास्त वरखाली करायचं तर आधी लेखी परवानगी.

मग आला 'कॅरोलायना स्क्वॉट'. ट्रकचं नाक वर, बूड खाली, जणू कुत्रं बसलंय. वाळवंटातल्या शर्यतींत उडी मारून मागच्या चाकांवर उतरायला सोपं जावं म्हणून हे निघालं असं सांगतात. आमच्याकडे ना वाळवंट ना उड्या, नुसतीच फॅशन. दिवे आभाळाकडे, आणि चालवणाऱ्याला समोर बॉनेटशिवाय काही दिसत नाही. लोकांनी सह्या गोळा केल्या, आणि १ डिसेंबर २०२१ पासून राज्याने बंदी घातली: पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच नको. वर्षात तिसऱ्यांदा दोषी ठरलात तर लायसन निदान वर्षभर गेलं. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये तसेच कायदे केले.

भारतात हा प्रश्न वेगळ्या दिशेने सुटला. तिकडे पट्टी नाही, कागद आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की गाडी मूळ नोंदीशी जुळली पाहिजे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. मामांचा तो जादा पाटा आज बराच महाग पडला असता.

एवढं वाचून मी चिरंजीवांपुढे बसलो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, चार इंच कायद्यात बसतं. दोन्हीकडून सारखं उचललं तर स्क्वॉटसुद्धा होत नाही." बरोबर होतं त्याचं! सगळा अभ्यास करून मी त्यालाच मुद्दा पुरवला होता.

मग मी वही काढली. गाडी उलटण्याचा धोका मोजायचं एक सोपं गणित आहे: चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा अंतर ६० इंच आणि गुरुत्वमध्य २७ इंचांवर, तर उत्तर १.११. गुरुत्वमध्य अडीच इंच वर गेला की १.०२. आकडा जितका लहान तितकी गाडी लवकर कलंडते. त्याने ते दोनदा करून पाहिलं. पण आकड्यांनी त्याचं मन फारसं हललं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रविवारी त्याचा मित्र आपला उचललेला ट्रक घेऊन आला. पाच इंच आणि मोठे टायर. मला वर चढायला पायरी लागली. आत बसलो तर राजासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू! बायको तेवढ्यात तुळशीला पाणी घालायला बादली घेऊन आली. मी चिरंजीवांना माझ्या जागी बसवलं, बादली बंपरसमोर ठेवली आणि दिसेपर्यंत मागे सरकवत नेली. तो आतून "नाही... नाही... अजून नाही" म्हणत होता. बादली मेलबॉक्सच्या पुढे गेली. शेजारची तीन वर्षांची पोरगी रोज तिथेच तिचं तिचाकी वळवते. ते आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. कोणी काही बोललं नाही.

नंतर त्याने आपल्या ट्रकसमोरही तीच बादली ठेवून पाहिली. तिथेही ती अगदी जवळून दिसत नव्हतीच. "म्हणजे आत्ताच काही कमी नाहीये," असं स्वतःशीच म्हणाला.

शेवटी दोन इंचांवर तह झाला. पुढे स्प्रिंगच्या डोक्यावर चकती, मागे पाट्यांखाली ठोकळा. नंतर चाकांचं अलाइनमेंट, आणि दिवे पुन्हा खाली रोखून घ्यायचे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. टायर जुन्याच मापाचे, त्यामुळे स्पीडोमीटरही खरं बोलेल. आउटर बँक्सच्या वाळूत न्यायचाय त्याला, आणि वाळूत उंचीपेक्षा टायरमधली हवा कमी करणं जास्त कामाचं, हे त्यानेच मला सांगितलं.

आणि हो, पुढे कॅमेरा बसवतोय. तो खर्च माझा. तहाचं ते कलम बायकोने घातलं.