क्रेनवर बसलेली पिढी

बडोद्याच्या मराठी घरांचा इतिहास निघाला की सरदार, कारकून, मास्तर आणि गवई आठवतात. क्रेन, डोझर, रोड रोलर चालवणारे कोणाला आठवत नाहीत. पण आपल्या वाडी-नवापुऱ्यातल्याही काही घरांची चूल त्याच पगारावर पेटली आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. धंद्याचं शिक्षण मातृभाषेत मिळावं, हा प्रा. त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. पण ज्याची शाळाच अर्धवट सुटली त्याने काय करायचं? त्याच्यासाठी गोयागेटचा रेल्वे कारखाना होता. (डभोई-मियागाम ही छोटी रेल्वे १८६२ साली बैल ओढायचे, इंजिनं मागाहून आली!)

मोठी यंत्रं खरी आली ती कोयलीला. १९६३ साली नेहरूंनी रिफायनरीचा पाया घातला, रशियन मदतीने १९६५ साली ती सुरू झाली. मग खताचा कारखाना, मग पेट्रोकेमिकल. माझे काका त्या काळात एका ठेकेदाराकडे खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे हं, वजनाला दोर-साखळी बांधणारा आणि ऑपरेटरला हाताने इशारे देणारा. जेवणाच्या सुट्टीत उस्ताद त्यांना लिव्हरवर बसवायचा, तेच ट्रेनिंग. बूम जितकी आडवी, तितकं वजन कमी उचलायचं. वारा सुटला की थांबायचं. केबिनमधला तक्ता इंग्रजीत होता. काकांना त्यातले आकडे कळायचे, तेवढ्यावर काम भागायचं.

हजेरी मात्र रोजची. पाऊस लागला की काम बंद, पगार बंद. बोट चेमटलं तेव्हा हातावर दहा दिवसांची मजुरी ठेवून घरी पाठवलं होतं.

पुढे ते एका कारखान्यात कायम झाले. तिथे युनियन होती. लोक युनियन म्हणजे नुसता संप समजतात. काकांना तिथे मिळालं ते वेगळंच: ऑपरेटरची ग्रेड, दुप्पट दराने ओव्हरटाइम, ईएसआयचं कार्ड, पीएफचा खातेनंबर. कायदे आधीच होते, ओव्हरटाइम आणि ईएसआयचे १९४८चे, पीएफचा १९५२चा. पण कायदा कागदावरून पगाराच्या चिठ्ठीत उतरवायला गेटवर उभं राहणारं कोणीतरी लागतं. रविवारची सुट्टीसुद्धा मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांना १८९० साली लढूनच मिळवावी लागली होती.

चुलतभावाने मग आयटीआय केलं. १९६१च्या कायद्याने अॅप्रेंटिसला विद्यावेतन मिळू लागलं होतं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत चोरून शिकायची वेळ त्याच्यावर आली नाही.

काका गेल्यावर काकूंना पीएफ खात्याकडून पेन्शन सुरू झाली. त्यांचे जुने जोडीदार, ज्यांच्याबरोबर ते कोयलीला एकाच क्रेनवर होते, ते शेवटपर्यंत ठेकेदारांकडेच राहिले. तेही गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने पीएफची चौकशी केली. खातं कधी उघडलंच नव्हतं.