वॉस्प महिला वैमानिक : माजी सैनिकत्वाची मान्यता आणि परस्परसाहाय्य (१९४३–२०१६)

प्रस्तावना

माजी सैनिकांच्या कल्याण योजनांचा इतिहास बहुधा शासकीय कायद्यांच्या आधारे लिहिला जातो. परंतु शासनाने ज्यांना सैनिकच मानले नाही, त्यांना आधार कोणी दिला, हा प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलासाठी विमाने चालविणाऱ्या ‘विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स’ अर्थात ‘वॉस्प’ या दलाच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे.

सेवा आणि दर्जा

नॅन्सी लव्ह व जॅकलिन कॉक्रन यांच्या नेतृत्वाखालील दोन गट ऑगस्ट १९४३ मध्ये एकत्र करून हे दल स्थापन झाले. सुमारे २५,००० अर्जदारांतून १,८३० जणींची निवड झाली आणि १,०७४ जणींनी प्रशिक्षण पूर्ण केले. कारखान्यांतून हवाई तळांवर विमाने पोहोचविणे, गोळीबाराच्या सरावासाठी लक्ष्य ओढून नेणे, दुरुस्त विमानांची चाचणी घेणे ही त्यांची कामे होती. त्यांत ३८ जणींचा मृत्यू झाला. तथापि त्यांचा दर्जा नागरी कर्मचाऱ्यांचाच राहिला. त्यामुळे मृत वैमानिकेला लष्करी इतमाम मिळत नसे. पार्थिव घरी पाठविण्यासाठी सहकारी मैत्रिणी आपापसांत वर्गणी काढीत. या वर्गणीतच पुढील परस्परसाहाय्याचे बीज आढळते.

दोन दिवस, दोन निर्णय

वॉस्पला लष्करी दर्जा देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २१ जून १९४४ रोजी १८८ विरुद्ध १६९ मतांनी फेटाळले. दुसऱ्याच दिवशी, २२ जून रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जी. आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायद्यावर स्वाक्षरी केली. माजी सैनिकांना शिक्षण, गृहकर्जाची हमी व बेकारी भत्ता देणाऱ्या या कायद्याच्या कक्षेत या वैमानिका आल्या नाहीत. २० डिसेंबर १९४४ रोजी दल विसर्जित झाले.

परस्परसाहाय्याचे स्वरूप

दल विसर्जित होत असतानाच सदस्यांनी ‘ऑर्डर ऑफ फिफिनेला’ ही संघटना स्थापन केली. परस्परांशी संपर्क राखणे व नोकरी शोधण्यास साहाय्य करणे हे तिचे प्रारंभीचे हेतू होते. वार्तापत्रे व स्नेहमेळावे यांमुळे विखुरलेल्या सदस्यांचा समूह टिकून राहिला. पुढे १९७६ मध्ये हवाई दलाने महिलांना वैमानिक प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला, तेव्हा लष्करी विमान चालविणाऱ्या या पहिल्याच महिला असा उल्लेख होऊ लागला. त्यामुळे व्यथित झालेल्या या समूहाने मान्यतेची मागणी नव्या जोमाने मांडली. सदस्यांनी जपून ठेवलेले कागद त्या वेळी पुरावा ठरले; एका सेवामुक्तिपत्रावरील मजकूर तर सैनिकाच्या सेवामुक्तिपत्रासारखाच होता. २३ नोव्हेंबर १९७७ रोजी कायद्याने त्यांना माजी सैनिकांचे लाभ मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु मधल्या ३३ वर्षांत विशीतील तरुणींनी पन्नाशी ओलांडली होती. शिक्षणाच्या सवलतीचे वय उलटून गेले होते.

अपूर्ण मान्यता

२०१० मध्ये काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना समारंभपूर्वक प्रदान झाले. तरीही २०१५ मध्ये आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या अस्थी ठेवण्याची परवानगी लष्कराने काढून घेतली. एलेन हार्मन या दिवंगत वैमानिकेच्या कुटुंबीयांनी चळवळ उभारल्यानंतर मे २०१६ मध्ये नवा कायदा झाला आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हार्मन यांच्या अस्थी तेथे विसावल्या.

निष्कर्ष

समाजाचे साहाय्य शासकीय लाभांची जागा घेऊ शकत नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. वर्गणीतून अंत्ययात्रेचा खर्च निघाला, परंतु महाविद्यालयीन शिक्षण किंवा घर त्यातून मिळणे शक्य नव्हते. मात्र शासन विसरले ते या समूहाने स्मरणात व कागदावर जपले आणि त्याच आधारे कालांतराने कायदा बदलला. म्हणूनच महिला माजी सैनिकांच्या कल्याणाचा अभ्यास करताना लाभार्थींच्या यादीइतकेच, त्या यादीतून कोणाला वगळले गेले याकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.