आपला टकळीचा तास

आपले वडील साताऱ्याहून, कोकणातून, मराठवाड्यातून पिंपरी-चिंचवडला आले ते कारखान्यांसाठी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. अशा यंत्रांच्या गावात आपल्या वेळापत्रकात मात्र टकळीचा तास होता. आपण त्याला हसायचो. तो कुठून आला, हे मला निवृत्तीनंतर वाचताना उमगले.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती, असे तिथे ठरले. डॉ. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात सूतकताई व विणकाम होते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचवला, तर १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. नावे बदलली, आपल्या वर्गात टकळी तीच राहिली. आपल्या शेजारच्या येरवड्याचाही यात वाटा आहे. तिथल्या तुरुंगात असताना गांधीजी ज्या सुटसुटीत पेटीचरख्याच्या मागे लागले, तो 'येरवडा चरखा' म्हणूनच ओळखला गेला.

बाईंनी शिकवलेला हिशेब आठवतो का? चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे ६४० तार, सुमारे ७८० मीटर सूत! डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने टकळीला गिरकी. पीळ कमी पडला की सूत तुटे, जास्त झाला की गुरगुटे.

आता जे लिहायचे ते इतकी वर्षे लिहिले नाही. आठवीत वर्षअखेर एक गुंडी द्यायची होती. माझ्या तीनच लट्या झाल्या होत्या. चौथी मी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या डब्यातून काढली. मला पूर्ण गुण मिळाले. ती तासभर वर्गाबाहेर उभी राहिली. बाईंना वाटले, तिने काम टाळले. मी गप्प बसलो.

नंतर भोसरीत वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षे काढली. रोज मूठभर कॉटन वेस्टने हाताचे तेल पुसायचे आणि ते फेकायचे. तेही सूतच, हे एकदाही मनात आले नाही. गेल्या वर्षी नातीच्या शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' प्रकल्प होता. जुन्या लुगड्याची गोधडी शिवताना तिने विचारले, "आजोबा, दोरा कसा बनतो?" मी टकळी विकत आणली. पहिल्या दिवशी एक तारही धड निघाला नाही. तुटलेली दोन टोके उकलून, तंतू एकमेकांत मिसळून पीळ द्यायचा, हे बोटांना आठवायला आठवडा लागला.

वीज नाही, तेल नाही, आवाज नाही. लागतो तो कापूस आणि धीर. त्या तासाला बाईंना हेच द्यायचे असावे.

मैत्रिणी, तू हे वाचशील म्हणून नाव घेत नाही. १६० तार मोजून पूर्ण केले आहेत. सूत जाडेभरडे आहे, पण माझ्या हातचे आहे. मेळाव्याला तुझी लटी घेऊन येतो. आणि बाई, माझे गुण तेवढे कमी करा.