नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे निंदा. एका मात्रेने केवढा अर्थभेद होतो! ऑस्ट्रेलियाच्या बोलीत मात्र ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच शब्दाने उरकलेली दिसतात.

१७८८ साली सिडनी येथे ब्रिटिश कैद्यांची वसाहत उभी राहिली. तेथे जन्मलेल्यांना पुढे ‘करन्सी’ आणि इंग्लंडहून आलेल्यांना ‘स्टर्लिंग’ म्हणू लागले. स्थानिक चलन इंग्रजी नाण्यापुढे हलके, तशीच ही प्रजाही हलकी, असा त्यातील टोमणा. तथापि ह्या मुलांनी तो शब्द अभिमानाने मिरविला.

आयरिश कॅथलिकांच्या वाट्याला अधिक बोचरी नावे आली. १७९८ च्या आयरिश बंडातील लोक केस आखूड कापीत, म्हणून ते ‘क्रॉपी’. १८०३ साली फादर जेम्स डिक्सन ह्या कैदी धर्मगुरूंना उघडपणे मिस्सा अर्पण करण्याची परवानगी मिळाली. परंतु १८०४ च्या मार्चमध्ये कासल हिल येथे आयरिश कैद्यांचा उठाव झाला आणि ती काढून घेण्यात आली. पुढे ‘मिक’ आणि ‘टाइक’ हे शब्द रूढ झाले. १९१६ व १९१७ च्या सार्वमतांत सक्तीच्या लष्करभरतीला मेलबर्नच्या डॅनियल मॅनिक्स ह्यांनी विरोध केला, तेव्हा ‘मिक’ ह्या शब्दाला राजद्रोहाचाही वास येऊ लागला.

१९४५ साली आर्थर कॉलवेल हे देशाचे पहिले स्थलांतरमंत्री झाले. ते आयरिश वंशाच्या कॅथलिक मातेचे पुत्र. महायुद्धानंतर युरोपातून निर्वासितांचे लोंढे आले. पोलिश असो वा युक्रेनियन, लोक सर्वांनाच ‘बाल्ट’ किंवा ‘रेफो’ म्हणत. इटालियन व ग्रीक ते ‘डेगो’ नि ‘वॉग’. ही हिणवणी थांबावी म्हणून कॉलवेल ह्यांनी ‘न्यू ऑस्ट्रेलियन’ हे नाव पुढे केले. हेतू चांगला, पण ‘नवा’ म्हणजे अद्याप आपला नव्हे, हेही त्यात आलेच. शिवाय हेच कॉलवेल ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरणाचे अखेरपर्यंत कट्टर पाठीराखे राहिले. आशियाई माणसाला त्यांच्या नव्या नावातही जागा नव्हती. ते धोरण १९७३ साली संपुष्टात आले.

सर्वांत सलणारी गोष्ट पुढेच आहे. इटालियन कुटुंबे मिस्साला गेली ती बहुधा आयरिश वळणाच्या धर्मग्रामांत. वेदी एक, लॅटिन प्रार्थना एक. परंतु त्यांच्या संतांच्या मिरवणुका आणि सण पाहून जुन्या मंडळींची भिवई उंचावे. ज्यांच्या आजोबांना ‘मिक’ म्हणून हिणविले गेले, त्यांचीच नातवंडे शाळेच्या अंगणात शेजारच्या मुलाला ‘डेगो’ म्हणू लागली. सोसलेल्या अपमानाने माणूस कनवाळू होतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ अपमानाची भाषा शिकतो.

१९८७ साली मेलबर्नमध्ये स्थलांतरितांच्या मुलांनी ‘वॉग्ज आउट ऑफ वर्क’ हे विनोदी नाटक रंगभूमीवर आणले आणि शिवीचेच हसू केले. ‘करन्सी’ पोरांची जुनी युक्ती पुन्हा कामी आली. मात्र तो शब्द स्वतःसाठी वापरणे वेगळे आणि दुसऱ्याने फेकून मारणे वेगळे. आपल्या वाट्याला आलेले नाव विसरता येत नसेल, तर निदान ते दुसऱ्याच्या दारात टाकू नये.