पर्यावरणपूरक हॅलोवीन

हॅलोवीन हा ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा सण कमीत कमी कचरा करून, असलेल्या वस्तू पुन्हा वापरून आणि शेतमालाची नासाडी टाळून साजरा करण्याची रीत. अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटन या देशांत तिचा प्रसार विशेष आहे. अमेरिकेत २००७ मध्ये सिअ‍ॅटलच्या परिसरात ‘ग्रीन हॅलोवीन’ हा उपक्रम सुरू झाला आणि या रीतीला संघटित रूप येऊ लागले.

हॅलोवीनची मुळे आयर्लंड व स्कॉटलंडमधील ‘साविन’ या केल्टिक उत्सवात सांगितली जातात. सुगी आटोपून हिवाळा तोंडावर आला की तो साजरा होई. पुढे ख्रिस्ती पंचांगातील सर्व संतांच्या दिवसाची (१ नोव्हेंबर) पूर्वसंध्या म्हणून तो रूढ झाला. या सणाचे साहित्य शेतातले आणि घरातलेच असे: खेळांना सफरचंदे, सोंगांना जुने कपडे आणि तोंडाला काजळी, कंदिलाला सलगमाचा कोरलेला कंद. डोनेगल परगण्यातील अशा एका कंदिलाचा प्लास्टरचा साचा आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. खोबणीसारखे डोळे आणि विचकलेले दात असलेला तो चेहरा पाहिला की आजचा हसरा भोपळा त्यापुढे फारच सौम्य वाटतो. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांनी हा सण अमेरिकेत नेला आणि सलगमाची जागा तेथे मुबलक पिकणाऱ्या, कोरायला सोप्या भोपळ्याने घेतली.

सणाचे आजचे कचऱ्याचे ओझे त्या मानाने अलीकडचे आहे. न्यूयॉर्कच्या ‘बेन कूपर’ कंपनीने १९३७ पासून स्वस्त तयार पोशाख बाजारात आणले. पुढे पातळ प्लास्टिकचा मुखवटा आणि वर चढवायचा झगा एका खोक्यात मिळू लागला. युद्धकाळातील साखरेचे रेशनिंग अमेरिकेत १९४७ मध्ये संपले आणि दारोदार खाऊ मागण्याची प्रथा उपनगरांत झपाट्याने पसरली. १९७० नंतर घरगुती खाऊत ब्लेड किंवा विष घातल्याच्या अफवा उठल्या. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा बातम्यांचा अनेक वर्षे माग काढला. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना आढळले नाही. भीती मात्र टिकली. घरच्या बिस्किटांच्या व सफरचंदांच्या जागी कारखान्यात वेष्टनबंद केलेली चॉकलेटे आली, ती कायमचीच. अमेरिकेतील किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये या एका सणावरचा तेथील खर्च १२.२ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचला.

भोपळा हा या सणातील सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज टाळता येणारा कचरा. कंदिलासाठी लावले जाणारे ‘हाउडन’सारखे वाण मोठा आकार, भक्कम देठ आणि टिकाऊ साल यांसाठी निवडलेले असतात. त्यांचा गर धागेदार व पाणचट असला तरी खाण्याजोगा असतो. हवेशिवाय कुजणाऱ्या कचरा-भरावात भोपळा गेला की त्यापासून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. तोच भोपळा कंपोस्टमध्ये घातला तर हवेशीर ढिगात लवकर विरघळून जातो, कारण त्यात सुमारे नऊ दशांश पाणी असते. त्याआधी मेणबत्ती, सांडलेले मेण, चिकटवलेले चमचमते कागद काढावे लागतात. रंगवलेला किंवा टिकावा म्हणून ब्लीचमध्ये बुडवलेला भोपळा खताला चालत नाही. म्हणून कंदील रंगवण्यापेक्षा कोरणेच बरे. बियाही आधी काढून घेतात, नाहीतर त्या खतातच रुजतात. मीठ लावून भाजल्या की त्या खायला उत्तम लागतात. गर कोरला त्याच दिवशी वापरावा. दिवा लावून बाहेर ठेवलेला भोपळा नंतर स्वयंपाकात घेत नाहीत. घारगे, भाजी किंवा गोड पदार्थ करायचे असतील तर लहान, गोड ‘पाय’ (इंग्रजी pie) भोपळा अधिक योग्य, आणि तो न कोरता सजावटीला ठेवून सणानंतर शिजवता येतो.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ‘स्केअर्स’ या पर्यावरणशिक्षण संस्थेच्या पुढाकाराने नोव्हेंबरच्या सुरुवातीला भोपळे फोडण्याचे मेळावे भरतात. मुले मनसोक्त भोपळे आपटतात आणि तो सगळा चुरा खतनिर्मितीला जातो. पोर्टलंडच्या ओरेगन प्राणिसंग्रहालयात हत्तींना प्रचंड भोपळे चिरडायला व खायला देण्याचा कार्यक्रम १९९९ पासून होतो. प्राण्यांच्या भल्यासाठी म्हणून उरलेले भोपळे रानात नेऊन टाकणे मात्र चुकीचे आहे. ब्रिटनमधील ‘वुडलँड ट्रस्ट’ त्याविरुद्ध दरवर्षी सावध करते: अति भोपळ्याने साळूसारख्या दिसणाऱ्या छोट्या हेजहॉगचे पोट बिघडते, आणि तेही हिवाळी निद्रेपूर्वी त्याला अंगात चरबी साठवायची असते तेव्हा.

पोशाखांचा प्रश्न कमी दिसतो, पण अधिक चिवट आहे. ‘हबब’ आणि ‘फेअरीलँड ट्रस्ट’ या ब्रिटिश संस्थांनी २०१९ मध्ये १९ विक्रेत्यांकडील ३२४ पोशाखांची पाहणी केली. त्यांतील ८३ टक्के साहित्य खनिज तेलापासून बनलेले प्लास्टिक निघाले. त्यात पॉलिएस्टर सर्वाधिक, तर सुती कापड जेमतेम दहा टक्के. असे कापड कुजत नाही, एका रात्रीनंतर सहसा वापरात येत नाही, आणि मिश्र धाग्यांमुळे त्याचा पुनर्वापर उद्योगालाही फारसा उपयोग नसतो. पर्यावरणपूरक म्हणून विकला जाणारा नवा पोशाख घेण्यापेक्षा जुना अदलाबदलीत मिळवणे केव्हाही चांगले. याच विचाराने अमेरिकेत २०१० पासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी पोशाख अदलाबदल दिन पाळला जातो. वाचनालये, शाळा, चर्च यांत लहान झालेले पोशाख आणून दुसरे नेता येतात. चेहरा रंगवण्यातही काळजी लागते: अमेरिकेत २००९ मध्ये तपासलेल्या, मुलांच्या चेहऱ्यासाठीच्या दहाही रंगांत शिसे सापडले होते.

सजावटीत सर्वांत घातक वस्तू म्हणजे कृत्रिम कोळिष्टके. कापसासारखे दिसणारे हे पॉलिएस्टरचे तंतू झुडपांवर ताणून बांधले की त्यांत लहान पक्षी आणि वटवाघळे अडकतात. कोळिष्टके लावायचीच तर घराच्या आत लावावीत. मक्याची ताटे, गवताचे भारे, सुकी पाने, रंगीबेरंगी छोटे भोपळे हे पर्याय स्वस्त आहेत आणि शेवटी मातीतच जातात. मुलांच्या हातातली चमकणारी कांडीही निरुपद्रवी नाही. प्लास्टिकच्या नळीत काचेची बारीक कुपी असते. नळी वाकवली की कुपी फुटून रसायने मिसळतात व प्रकाश पडतो. काही तासांनी तो विझतो आणि नळी, काच व रसायन यांचा एकत्र कचरा उरतो. त्याऐवजी घरातली बॅटरी पुरते.

खाऊची वेष्टने हा सर्वांत अवघड भाग. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने ती नेहमीच्या पुनर्वापर केंद्रांत घेतली जात नाहीत. कागदी खोक्यातले बेदाणे किंवा कागदात गुंडाळलेल्या गोळ्या यांनी भार थोडा हलका होतो. चॉकलेटच्या बाबतीत वेष्टनाबरोबर आतला मालही तपासायला हवा. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांत पिकतो, आणि त्यासाठी तेथील जंगलांचा मोठा भाग तोडला गेला आहे. खाऊत वापरल्या जाणाऱ्या पाम तेलामुळे बोर्निओ-सुमात्रातील ओरांगउटानांचे रान घटत असल्याने काही प्राणिसंग्रहालये हॅलोवीनपूर्वी त्यातल्या त्यात जबाबदार उत्पादकांच्या खाऊची यादी देतात. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी अमेरिकेत २०१४ पासून देशभर राबवला जाणारा निळसर-हिरव्या भोपळ्याचा उपक्रम स्तुत्य आहे. त्यात खाऊऐवजी वस्तू देतात. त्या प्लास्टिकच्या खेळण्यांऐवजी पेन्सिली, खडू किंवा बियांची पाकिटे असाव्यात. खाऊ गोळा करायला उशीची जुनी खोळ अमेरिकन मुले पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली आहेत. तिच्याइतकी सोयीची पिशवी दुकानात मिळत नाही.

मुंबई-पुण्यातील मॉल, शाळा आणि कार्यालयांत हॅलोवीन आला तो प्रामुख्याने तयार मुखवटे व सजावट यांच्या रूपात. येथे त्याला भारतीय कायद्याची चौकट लागू होते: सजावटीचा थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्या यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबांत हा सण दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. अशा वेळी दिवाळीचेच कपडे घालून राजा, राणी किंवा मावळा होता येते.